परक्या समुद्राची भीती

हरमलच्या डोंगराला वळसा घालून केरीकडे उतरणारा रस्ता संपतो, तिथे गोवाही जवळजवळ संपतो. पेडणे तालुक्याचा हा उत्तरेकडचा शेवटचा किनारा. दक्षिणेला डोंगराची सोंड समुद्रात शिरलेली, उत्तरेला तेरेखोल नदीचं मुख, आणि मधे सुरूच्या बनापुढे पसरलेली पुळण. बन पूर्वीसारखं दाट राहिलेलं नाही. मुळांखालची रेती खाऊन समुद्राने आडवे केलेले सुरू आणि उरलेल्यांना वाचवायला रचलेले काळे धोंडे इथे शेजारी शेजारी दिसतात. नदीपलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, आणि म्हणूनच नदीच्या पलीकडे असूनही तो गोव्याच्या नकाशात राहिला. त्याच्या पाठीमागे रेडी, म्हणजे सिंधुदुर्ग. राज्याची हद्द पाण्यावर दिसत नाही. दिसतो तो पाण्याचा रंग. मुखाशी मातकट, दक्षिणेकडे सरकत जावं तसा हिरवट. मातकट पाण्यात गुडघ्याखालचा आपला पायही आपल्याला दिसत नाही, आणि बहुधा तेवढ्यानेच घाटावरून आलेल्या पाहुण्याच्या तोंडून तो ठरलेला प्रश्न निघतो: इथे शार्क आहेत का?

आहेत, हे उत्तर खरं आहे आणि निरुपयोगीही आहे. कारण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच मासा असतो आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसराच. विचारणाऱ्याचा मासा ग्रेट व्हाइट. पोटाखाली पांढरा, पाठीवर राखाडी, वाढून सहा मीटरपर्यंत जाणारा, करवतीसारख्या कडांचे त्रिकोणी दात असलेला. तो पीटर बेंचली यांच्या 1974 मधल्या ‘जॉज’ या कादंबरीतून निघाला, पुढच्या वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटातून जगभर पोचला आणि ज्या गावांनी समुद्रही पाहिलेला नाही तिथे जाऊन राहिला. उत्तर देणाऱ्याची ती मोरी. मुंबईकडे तिला मुशी म्हणतात. जेमतेम हातभर लांबीची, टोपलीत बांगड्यांच्या शेजारी पडलेली, संध्याकाळी कोकम आणि तिरफळ घालून शिजणारी. ग्रेट व्हाइट आपल्या किनाऱ्याचा रहिवासीच नाही. त्याला मानवतं ते साधारण 12 ते 24 अंशांचं थंड पाणी. गोव्याच्या समुद्राचा वरचा थर वर्षातला बहुतेक काळ 26 ते 30 अंशांवर असतो. शिवाय मोठ्या ग्रेट व्हाइटचं जे आवडतं खाणं, ते चरबीने गलेलठ्ठ सील, ते या किनाऱ्यावर नाहीतच. तेव्हा केरीच्या पाण्यात उभं राहून ग्रेट व्हाइटला भिणं म्हणजे कोकणात हिमकड्याखाली सापडण्याची धास्ती घेण्यासारखं आहे.

यावर हसून पुढे जाता आलं असतं. पण मला ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही, कारण ती रिकाम्या जागेत येत नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी भीतीची जागा घेते. माझं म्हणणं असं की समुद्राची भीती ही मुळात स्थानिक गोष्ट आहे. तिला गाव असतं, ऋतू असतो, दिवसातली वेळ असते. ज्यांना ग्रेट व्हाइटच्या शेजारात खरोखर राहावं लागतं त्यांची भीती अशीच बारीक, मोजूनमापून घेतलेली असते. ज्यांची त्याच्याशी कधी गाठ पडणार नाही त्यांचीच भीती सगळ्या समुद्राला सारखी फासलेली असते. आणि सारखी फासलेली भीती दोन बाजूंनी नडते: जिथे धोका नाही तिथे ती माशाचा जीव घेते, आणि जिथे धोका आहे तिथे ती माणसाला बेसावध ठेवते.

पहिल्या प्रकारची भीती बघायची तर केपटाऊनकडे बघावं. तिथल्या फॉल्स बे या उपसागरात ग्रेट व्हाइटचा वावर होता आणि त्याच पाण्यात म्युझेनबर्गला लाटांवर फळी घेऊन जाणाऱ्यांची गर्दीही होती. दक्षिण आफ्रिकेने 1991 मध्येच या माशाला कायद्याचं संरक्षण दिलं. असं करणारा तो पहिला देश. मग मारता येत नाही आणि पाण्यात तर उतरायचं आहे, या पेचातून 2004 मध्ये ‘शार्क स्पॉटर्स’ची व्यवस्था उभी राहिली. किनाऱ्याला लागून डोंगर आहे, त्यावर माणूस बसवायचा, हातात दुर्बीण आणि बिनतारी संच द्यायचा. खाली निशाण. हिरवं म्हणजे पाणी स्वच्छ आहे, वरून नीट दिसतंय, काही आढळलेलं नाही. काळं म्हणजे पाणी गढूळ आहे, आम्हाला दिसत नाही, तुमचं तुम्ही बघा. लाल म्हणजे शार्क नुकताच दिसून गेला आहे किंवा तो असण्याची शक्यता जास्त आहे. पांढऱ्यावर काळा शार्क आणि सोबत भोंगा म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर या. मला यातलं काळं निशाण सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘धोका आहे’ आणि ‘धोका नाही’ हे दोन्ही सांगणं सोपं असतं; ‘आम्हाला दिसत नाही’ हे रोज उठून निशाणाने सांगायला जिगर लागते. या साऱ्या व्यवस्थेत मासा वाईट की चांगला हा प्रश्नच कुणी विचारत नाही. आज, या उपसागरात, या वेळी तो कुठे आहे, एवढंच विचारलं जातं.

अशी भीती शिळीही होते, हे त्याच किनाऱ्याने दाखवलं. केपटाऊनपासून दोनेक तासांच्या वाटेवर गान्सबाय नावाचं गाव आहे. समोर डायर बेट, त्याच्या शेजारी सीलांची वस्ती, आणि त्या दोहोंमधल्या चिंचोळ्या पाण्यावर 1990 नंतरच्या दशकात एक धंदा उभा राहिला: लोखंडी पिंजऱ्यात पर्यटक उतरवायचे, माशाचं तेल-रक्त ओतून ग्रेट व्हाइटला जवळ बोलवायचं. 2017 मध्ये तिथल्या किनाऱ्याला ग्रेट व्हाइटची कलेवरं लागू लागली, छातीशी फाडलेली आणि आतलं यकृत काढून नेलेलं. हे काम ओर्का देवमाशांचं होतं. त्यांतली पाठीचे पर कलंडलेली एक जोडी तर पोर्ट आणि स्टारबोर्ड या नावांनी प्रसिद्ध झाली. पुढच्या दोनतीन वर्षांत फॉल्स बे आणि गान्सबाय दोन्हीकडून ग्रेट व्हाइट जवळजवळ दिसेनासे झाले. ते सगळे ओर्कांमुळेच गेले की जाळ्या आणि मासेमारीमुळे आधीच घटले होते, यावर तिथल्या अभ्यासकांत चांगलीच जुंपली आहे. पण जगातला सर्वांत भयंकर म्हणून मिरवलेला मासा दुसऱ्याच्या भीतीने आपली जागा सोडून जातो, ही गोष्ट चित्रपटात कुठे आली नाही.

इथे माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारा एक पुरावा आहे आणि तो टाळता येणार नाही. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या लाँग बीचमधल्या शार्क प्रयोगशाळेने 2019 पासून दोन वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियाच्या 26 किनाऱ्यांवर ड्रोन उडवले. जिथे ग्रेट व्हाइटची पिल्लं जमतात अशा ठिकाणी, पाहणीच्या दिवसांपैकी 97 टक्के दिवस माणसं आणि हे मासे एकाच पट्ट्यात वावरताना दिसले. वरून घेतलेल्या चित्रांत फळीवर बसलेला माणूस पाय सोडून लाटेची वाट बघतो आहे आणि त्याच्या खालून, शेजारून, राखाडी सावल्या निवांत जा-ये करताहेत. माणसांना पत्ता नाही, माशांना पर्वा नाही, आणि चावे या शेजाराच्या मानाने नगण्य. मग बारीक भीतीची गरज कुठे उरली? अज्ञानात इतकं सुख असेल तर ज्ञान हवं कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण पिल्लू हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. जन्मतःच चारसाडेचार फुटांची असलेली ही पिल्लं मासे आणि पाकटं खातात. साधारण तीन मीटरचा टप्पा ओलांडल्यावर त्यांच्या खाण्यात सील येतात. उथळ, उबदार, सील नसलेल्या पुळणीवर ती जमतात ती वाढायला. तीच जात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडला, वेगळी वागते. तिथे 1972 च्या कायद्याने सीलांची शिकार थांबली, करड्या सीलांच्या वसाहती पुन्हा भरल्या, त्यांच्यामागे मोठे ग्रेट व्हाइट आले, आणि सप्टेंबर 2018 मध्ये वेलफ्लीटला एका तरुणाचा चाव्याने मृत्यू झाला. त्या राज्यात 1936 नंतरचा तो पहिला. म्हणजे कॅलिफोर्नियातला निर्धास्तपणा हीसुद्धा त्या पुळणीपुरती खरी असलेली गोष्ट. ती उचलून केप कॉडला नेली तर ती अफवा होईल.

शार्कची बाजू घेणारी मंडळी आकडेवारीचा आधार घेतात, आणि त्यांच्याशी माझं पूर्ण जमत नाही. फ्लोरिडाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंदवही ठेवली जाते. तिच्यानुसार कुरापत न काढता झालेले चावे जगभरात वर्षाला साधारण 50 ते 80, आणि त्यांतले मृत्यू दहाच्या आसपास किंवा कमी. उलट बाजूने, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार माणूस वर्षाला सुमारे 10 कोटी शार्क मारतो. आकडे खरेच आहेत. पण त्यावरून नारळ डोक्यात पडून मरणारे जास्त, असली जी तुलना केली जाते ती लबाडीची आहे. जगातली बहुतेक माणसं थंड समुद्रात सीलांच्या वसाहतीशेजारी पोहत नाहीत. त्या सगळ्यांना भागाकारात घालून जो धोका निघतो तो कुणाचाच नसतो. लातूरच्या माणसाचा धोका शून्य आहे, गान्सबायच्या पाणबुड्याचा तसा नव्हता. सरासरीने भिणाऱ्याला जसा मी दोष देतो, तसाच सरासरीने धीर देणाऱ्यालाही द्यायला हवा.

तोच प्रकार माशाच्या हेतूबद्दलचा. खालून बघताना फळीवरचा माणूस सीलासारखा दिसतो आणि शार्क फसतो, हे स्पष्टीकरण पुष्कळ वर्षं चालत आलं आहे. 2021 मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कोवळ्या ग्रेट व्हाइटच्या नजरेचा हिशेब मांडून त्याला बळ दिलं: रंग आणि बारकावे त्यांना फारसे दिसत नाहीत, पोहणारा माणूस आणि सील यांची आकृती त्यांना वेगळी काढता येत नसावी. दोन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी उलट मांडलं की यात चूक कसली. हात नसलेला प्राणी अनोळखी वस्तू तोंडानेच चाचपतो. मला या वादात निकाल द्यायचा नाही. पण ‘बिचाऱ्याची चूक झाली’ असं म्हणण्याची आपल्याला एवढी निकड का वाटते, हे पाहण्यासारखं आहे. मासा गुन्हेगार नसेल तर तो निरपराध ठरलाच पाहिजे, अशी आपली कोर्टाची सवय. ऑस्ट्रेलियाचे रॉडनी फॉक्स डिसेंबर 1963 मध्ये अॅडलेडजवळच्या आल्डिंगाला भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत उतरले असताना ग्रेट व्हाइटच्या जबड्यात सापडले. छाती, फुप्फुस, हात, सगळं फाटलं; शेकडो टाके पडले. पुढे त्याच माणसाने पाण्याखालचा पिंजरा तयार केला आणि आयुष्य या माशाला जवळून बघण्यात, दाखवण्यात घालवलं. त्यांनी माशाला क्षमा केली असं लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. क्षमेचा प्रश्नच नव्हता. जे एकदा न बघता घडलं ते आता बघून घ्यायचं होतं. बेंचली यांचंही तसंच. पुढे समुद्राविषयी जे कळलं ते आधी कळलं असतं तर ती कादंबरी लिहिता आली नसती, असं ते सांगत राहिले आणि 2006 मध्ये वारले तोवर शार्कच्या रक्षणासाठी बोलत राहिले.

सरसकट भीती जेव्हा सरकारी धोरण होते तेव्हा काय होतं, याचीही नोंद आहे. न्यू साउथ वेल्समध्ये 1937 पासून, दरबानला 1952 पासून, क्वीन्सलंडला 1962 पासून किनाऱ्यासमोर शार्कसाठी जाळी लावली गेली. पुष्कळांना वाटतं ती कुंपणासारखी असतात. तशी ती नसतात. ती मारायची जाळी आहेत, पाण्यात तुकड्यातुकड्यांनी सोडलेली, ज्यांच्यावरून आणि बाजूने मासा आरामात आत येतो. त्यांत कासवं, डॉल्फिन आणि पाकटंही अडकून मरतात. सगळ्यांत बोलका प्रयोग पश्चिम ऑस्ट्रेलियाचा. काही माणसं दगावल्यावर 2014 मध्ये तिथल्या सरकारने ग्रेट व्हाइटसाठी आमिष लावलेले मोठे गळ समुद्रात सोडले. तीनचार महिन्यांत 172 शार्क लागले. बहुतेक सगळे टायगर शार्क. ग्रेट व्हाइट एकही नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जवळचा आक्षेप, आपल्याच भाषेच्या मुलखातला. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरायला उतरलेल्या एका मच्छीमाराच्या पायाचा शार्कने लचका तोडला. मासा नंतर काठाला मेलेला सापडला, आणि तो बुल शार्क असल्याचं जाणकारांनी सांगितलं. मग केरीच्या पाहुण्याला हसायचं कोणत्या तोंडाने? तेरेखोलही खाडीच आहे. बुल शार्कचं शरीर क्षार आत धरून ठेवू शकतं, त्यामुळे तो गोड्या पाण्यातही चढतो. भारताच्या किनाऱ्यावर तो आहेच. पण वैतरणेच्या घटनेने ग्रेट व्हाइटची भीती खरी ठरत नाही, उलट ती किती आंधळं करते हे कळतं. याचा जुना दाखला न्यू जर्सीचा. जुलै 1916 च्या पहिल्या बारा दिवसांत तिथे चार माणसं शार्कने मारली, एक जायबंदी झाला. पहिली दोन उघड्या समुद्रात, पुढची दोन मॅटवान नावाच्या अरुंद खाडीत, समुद्रापासून चांगलीच आत. त्या भरात जो मासा पकडला गेला तो कोवळा ग्रेट व्हाइट होता आणि सारा ठपका त्या जातीवर गेला. खाडीतलं ते काम बुल शार्कचं असावं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि शंभर वर्षांनंतरही वाद मिटलेला नाही. खाडीत उतरणाऱ्याने कशाला जपायचं, हे ठरवायला पडद्यावरचा मासा उपयोगी पडत नाही. कुठली जात, कुठल्या महिन्यात, किती आतपर्यंत, हेच लागतं. ते कळण्याची सोय आपल्याकडे खाडीत रोज उतरणाऱ्यांपाशी आहे, आणि त्यांना ते कुणी विचारत नाही.

केरीला ते विचारलं तर शार्क यादीत बराच खाली येईल. वरचं नाव नदीच्या मुखाचं. ओहोटी लागली की खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या एवढ्याशा तोंडातून बाहेर पडायला बघतं, वरून समुद्राची लाट आत ढकलत असते, आणि दोघांच्या मारामारीत तळाची रेती जागा बदलत राहते. काल कमरेएवढं असलेलं पाणी आज डोक्यावर. पावसाळ्यात यात डोंगरचा लोंढा मिसळतो. दुसरं नाव खडकांचं. डोंगराच्या सोंडेखालचे काळे, शेवाळलेले खडक ओहोटीला उघडे पडतात आणि फोटोसाठी बोलावतात. मे 2023 मध्ये तिथे फोटो काढणाऱ्या चौघांना लाटेने ओढून नेलं. त्यानंतर येतात रेतीत पुरून बसलेलं पाकट, ज्याच्या शेपटीचा काटा पायात मोडतो, आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागणारे निळे फुगे, ज्यांचे धागे अंगाला लागले की आग होते. पाणीच कशाला, वरच्या पठारावरून छत्रीच्या आधाराने उडण्याच्या खेळात जानेवारी 2025 मध्ये पुण्याची एक पर्यटक आणि तिचा प्रशिक्षक दगावले. हे सगळं धोक्यांचं दुकान मांडण्यासाठी सांगत नाही. ज्या माणसाने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून शार्कची चौकशी केली, तोच माणूस ओहोटीच्या वेळी मुखाकडे तोंड करून आणखी चार पावलं टाकायला कचरत नाही, हे मला लक्षात आणून द्यायचं आहे. त्याची भीती संपलेली असते. शार्क नाही म्हटल्यावर समुद्र त्याच्या लेखी निर्धोक झालेला असतो.

किनाऱ्यावरच्या माणसाचं तसं नाही. त्याची भीती कॅलेंडरात आहे. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. पण सरकारने बंदी घालण्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय समुद्रात जायचं नाही, हा दंडक होता. त्याला श्रद्धा म्हणा, पण उधाणाचे, उलट्या वाऱ्याचे आणि माशांनी अंडी घालण्याचे दिवस त्यात बरोबर बसवलेले आहेत. 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक आले आणि त्यांची निशाणं आली. लाल निशाण उभं असताना त्याच्या बाजूने चालत पाण्यात जाणारे लोक बघितले की केपटाऊनचं ते काळं निशाण आठवतं. निशाण वाचायलाही भीतीची अक्षरओळख लागते.

आणि मोरी? तिच्याशी इथल्या माणसाची गाठ पाण्यात पडत नाही, ताटात पडते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मोरीचं आंबट-तीख, मालवणकडे मोरीचं मटण, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचा रस्सा. हे नव्याने आलेलं खाणं नाही. रापणीत आणि पागात जी काय छोटी मोरी यायची ती खाल्ली जायची. मोरी शिजवणारीला तिचे गुण ठाऊक असतात. कातडी खरकागदासारखी असते म्हणून गरम पाणी ओतून खरवडायची, आणि शिळी झालेली घ्यायची नाही, कारण तिच्या अंगातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि वास हाताचा जात नाही. नवीन आहे तो पसारा. मोरी आता मुद्दाम धरायला कुणी जात नाही. कोळंबीच्या आणि इतर माशांच्या मागे गेलेल्या ट्रॉलरच्या जाळ्यात ती आपोआप येते, आणि पर्यटकांच्या हॉटेलांत तिला गिऱ्हाईक मिळतं. देशभरातल्या किनारी हॉटेलांच्या एका पाहणीत शार्क-पाकटाचं मांस देणाऱ्यांत गोवा आणि तमिळनाडू ही दोन राज्यं सर्वांत पुढे निघाली. पाण्यात शार्कला घाबरणारा पाहुणा रात्री त्याचं आंबट-तीख मागवतो, यात मला ढोंग दिसत नाही. त्याच्या डोक्यात हे दोन वेगळे प्राणी आहेत, एवढंच. मोरी खाऊ नका, असंही माझं म्हणणं नाही. ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या शिजते त्यांच्यावर 10 कोटींच्या हिशेबाचं खापर फोडणं हा त्या सरासरीचाच आणखी एक वापर झाला.

पण टोपलीत काय आहे ते बघता येतं. आपली नेहमीची मुशी, चपट्या फावड्यासारख्या नाकाची, एकदोन वर्षांत वयात येते आणि हात-दीड हातभरच राहते. तिची मासेमारी पुष्कळ सोसली जाते. ग्रेट व्हाइटच्या मादीला वयात यायलाच तीसेक वर्षं लागतात. या दोन टोकांच्या मधे हातोडीच्या डोक्याचे आणि काळ्या टोकाच्या पराचे शार्क येतात, जे मोठे व्हायचे तर माणसाहून मोठे होतात, पण बाजारात ते मुशीएवढेच दिसतात, कारण ते पिल्लंच असतात. नुकतं जन्मलेलं पिल्लू ओळखायची खूण सोपी आहे. मासा उताणा करायचा आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध बोट फिरवायचं. या शार्कांची पिल्लं आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, अंड्यातून बाहेर पडत नाहीत. म्हणून तिथे नाळ तुटल्याची एक बारीक चीर असते, आपल्या बेंबीसारखी. काही आठवड्यांत ती बुजते. चीर अजून उघडी असेल तर ते पिल्लू जन्मून महिनाही झालेला नसतो.